कंबरदुखीचा भार मनावरही

जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२० मध्ये जगभरातील ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते. अपंगत्वाचे हे जगातील प्रमुख कारण आहे.

तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना शरीरापुरती मर्यादित राहत नाही. वाकणे, फार वेळ बसणे कठीण होते, झोप मोडते, रजा वाढतात. चिंता आणि नैराश्य बळावते. दुखेल या भीतीने हालचाल टाळल्यास स्नायू दुर्बल होऊन वेदना अधिकच जाणवते.

हे दुष्टचक्र भेदण्यासाठी संघटनेने डिसेंबर २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांत व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मानसोपचारांची शिफारस केली. कंबरपट्ट्याच्या सरसकट वापराची मात्र नाही. पाय बधिर झाल्यास किंवा लघवीवरील नियंत्रण सुटल्यास तातडीने डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे.