हे कोणासाठी पिकवलंय?

"चहा?" वेटर आत्याकडे काळजीनं पाहतो आणि मला हळूच विचारतो, "बाईंचं पोट बिघडलंय का?"

मालागा शहरातला मालागेता किनारा. ऑक्टोबरातला शनिवार, सकाळचे नऊ. ऊन आत्ता कुठे पाण्यावर आलंय आणि समोर दोन म्हाताऱ्या बाया गळ्यापर्यंत समुद्रात उभ्या राहून गप्पा मारतायत. वेटरचा प्रश्न खवचट नाही. इथे गरम पाण्यात बुडवलेली पिशवी ही दुखण्याखुपण्याची गोष्ट असते. कॅमोमाइल, पुदिना, आणि त्याच रांगेत शेवटी चहा.

तो कॉफीच्या मशीनच्या नळीतून काचेच्या पेल्यात पाणी सोडतो, वर बशी झाकतो, बशीत कागदी पिशवी ठेवतो आणि वाटेत आणखी दोन टेबलांची बिलं करून आमच्यापर्यंत येतो. काळ्या चहाला सळसळ उकळतं पाणी लागतं. हे पाणी आता नुसतं गरम आहे. आत्या पिशवी बुडवते, दाबते, पुन्हा बुडवते. रंग उतरतो, कस उतरत नाही. वर एक तवंग धरतो. जड, क्षारांच्या पाण्याचा तवंग.

शेजारच्या टेबलावर मात्र थाट आहे. मालागात कॉफी दुधाच्या मापानं मागतात: अर्धीअर्धी म्हणजे 'मिताद', दूध जास्त ती 'सोम्ब्रा' म्हणजे सावली, दुधात कॉफीचे दोन थेंब ती 'नुबे' म्हणजे ढग. अशी दहा मापं. ज्या सेंत्राल कॅफेनं ती फरशांच्या चित्रात भिंतीवर लावली होती ते 2022 मध्ये बंद झालं, मापं गावात राहिली.

"दुधाची दहा मापं," आत्या म्हणते, "आणि चहा एकच. तोही आजाऱ्याचा."

माझी आत्या तासगावची. चाळीस वर्षं द्राक्षबाग. 2010 साली क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपनं भारतातली द्राक्षं अडवली, तेव्हा रात्र रात्र फोनवर बसलेल्या बागायतदारांपैकी ती एक. निर्यातीचा माल वेगळा, बाजाराचा वेगळा आणि घरच्यांनी खायचा वेल वेगळा, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे मेनूकार्डावरचे बेकन, अंडी आणि डबाबंद घेवड्याचे रंगीत फोटो पाहून ती एवढंच विचारते, "हे कोणासाठी गं?"

"उत्तरेकडून आलेल्या पाहुण्यांसाठी."

"आणि तो काय खातोय?" तिचं बोट बंदरातल्या निळ्या कपड्यांच्या कामगाराकडे. त्याच्या ताटलीत आन्तेकेराचा मऊ पाव, मोयेते. शेकलेला, त्यावर किसलेला टोमॅटो आणि वाहेल इतकं ऑलिव्ह तेल. आम्ही तेच मागतो. सकाळचा पहिला निकाल लागतो.

साडेदहा. शहराच्या पश्चिमेला, समुद्रालगतच्या वेलिन बागेत आहोत. महिन्यातल्या एका शनिवारी ग्वादालोर्से खोऱ्यातले सेंद्रिय शेतकरी इथे मंडप टाकतात. त्यांच्या संघटनेचं नाव ग्वादालोर्से एकोलोखिको. नियम साधा: विकणारानंच पिकवलेलं असावं. पर्यटक जवळजवळ नाहीत. चाकांच्या कापडी पिशव्या ओढणाऱ्या आज्या आहेत, सायकलला टोपली लावलेले तरुण आहेत, एक कुत्रा भोपळ्याच्या सावलीत झोपलाय.

आत्या मंडपामागच्या हिरव्या कागदाकडे जाते. युरोपीय महासंघाचं सेंद्रिय चिन्ह: हिरव्या पाटीवर ताऱ्यांनी काढलेलं पान. 2010 पासून पॅकबंद सेंद्रिय मालावर ते सक्तीचं आहे. खाली एक सांकेतिक क्रमांक असतो. सुरुवातीची अक्षरं देशाची, शेवटची आंदालुसिया प्रांताची, मधला आकडा तपासणाऱ्या संस्थेचा. त्याखाली शेती महासंघातली की बाहेरची, हे. प्रक्रिया केलेल्या पदार्थात शेतमालाचा 95 टक्के भाग सेंद्रिय असल्याशिवाय ते पान लागत नाही. हे सगळं मी तिला वाचून दाखवते. स्पेनमध्ये पूर्वी 'बिओ' नावाचं साधं, सेंद्रिय नसलेलं दही सर्रास विकलं जायचं. नियम कडक झाल्यावर 2006 मध्ये त्याला नाव बदलावं लागलं, हेही सांगते.

"म्हणजे शब्दाला पहारा आहे," ती म्हणते. "बरं आहे. आता माल बघू."

माल ऑक्टोबराचा आहे: डाळिंबं, रताळी, क्विन्सची पिवळी लवदार फळं आणि हंगामातले पहिले चिरिमोया. हे आपल्या सीताफळाच्याच कुळातलं, पण सालीवर डोळे नाहीत, नुसत्या बोटांच्या ठशांसारख्या खुणा. मंडपातली बाई एक फोडून अर्धं आत्याच्या हातावर ठेवते. आत्या खाते, बी जिभेवर घोळवते. "गर एकसंध. आंबटपणाची किनार आहे. आपल्याकडचं जास्त गोड." बाईला अर्थ कळत नाही, सूर कळतो. ती दुसरं अर्धं मला देते.

पुढच्या मंडपात बेदाणे. इथे आत्याची पावलं थांबतात. मोस्कातेल द्राक्षांचे काळपट, सुरकुतलेले, मोठे बेदाणे, काही अजून घडालाच लागलेले. मालागाच्या पूर्वेला आक्सार्कियाच्या डोंगरउतारावर हे वाळतात. 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं ही पद्धत जागतिक कृषिवारसा म्हणून नोंदवली. विकणारा साठीचा, हाताच्या शिरा वर आलेल्या.

"डिपिंग कशात करता?" आत्या मला विचारायला लावते.

कशातच नाही. आपल्याकडे तासगाव-सांगलीला घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुचकळतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सुटतो, आणि सावलीत रॅकवर वाळवतात, म्हणजे हिरवा रंग टिकतो. इथे ऑगस्टात घड तोडायचे, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतरत्या वाफ्यांवर मांडायचे, हातानं उलटायचे, रात्री दव लागू नये म्हणून झाकायचे. मग कात्रीनं एकेक मणी देठावरून सोडवायचा.

"गंधकाची धुरी?"

तो हसतो. "रंग पाहिजे कोणाला?"

"चार किलोला एक?"

"चार किलोला एक."

दोघं एकमेकांकडे पाहून मान डोलावतात. वजनातली तूट दोन्ही देशांत सारखीच आहे. आत्या एक बेदाणा तोंडात टाकते आणि थबकते. बी आहे. चावल्यावर कडवट, मग मागून मधासारखी दाट गोडी. "या बियांनीच मार्केट खाल्लं असणार यांचं," ती पुटपुटते आणि अर्धा किलो घेते.

बाजूला अवाकादो. त्यावर हिरवं पानही आहे. मी हात पुढे करते तर शेतकरी स्वतःच सांगतो, "घे, चांगले आहेत. पण त्या पानात पाण्याचा हिशेब नसतो." आक्सार्कियाचा किनारा थंडीपासून राखलेला आहे, म्हणून युरोपात फारसं कुठे न पिकणारे आंबे आणि अवाकादो इथे पिकतात, आणि बराचसा माल उत्तरेला जातो. त्यांना पाणी पुरवणारं ला विन्युएला धरण 2023 च्या शरदात दहा टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. झाडं वाचवायला लोकांनी फांद्या छाटल्या, काहींनी बागाच काढल्या. आत्या ऐकते आणि टँकरवर जगवलेल्या बागांची आठवण न काढता एकच अवाकादो उचलते.

याच किनाऱ्यानं पूर्वेला जात राहिलं की अल्मेरिया लागतं. तिथे 30,000 हेक्टरांहून जास्त जमीन पांढऱ्या प्लास्टिकखाली आहे. अंतराळातून दिसते. त्यातही सेंद्रिय ढोबळी मिरची पिकते, पान लागतं आणि ट्रकनं जर्मनीला जाते. एकट्या आंदालुसियात सेंद्रिय शेती दहा लाख हेक्टरांच्या वर आहे. आणि आमच्या मुक्कामाच्या ठिकाणच्या नाश्त्याच्या टेबलावर मात्र डब्यातलं अननस असतं. ऊन खायला उत्तर खाली येते, भाजी वर जाते. दोघांची वाटेत गाठ पडत नाही.

बारा वाजून गेल्यावर अतारासानासच्या मंडईत शिरतो. घाई आहे, दुपारी ती मिटते आणि उद्या रविवार. एकोणिसाव्या शतकातली लोखंडी इमारत, पण दरवाजा चौदाव्या शतकातला, संगमरवरी, नसरी सुलतानांच्या जहाजबांधणीच्या कारखान्याचा. तेव्हा समुद्र इथवर होता. आता त्या कमानीतून कोळंबीच्या पेट्या आत येतात.

तारलीचा ढीग चकाकतोय. आत्या कल्ला उचलून बघते. विकणारी ओरडत नाही, उलट दुसरी पुढे करते. "याच्यावर पान?" आत्या विचारते.

लागूच शकत नाही. युरोपीय कायद्यात मोकळ्या समुद्रातला मासा सेंद्रिय धरतच नाहीत. त्यानं काय खाल्लं त्याला साक्षीदार नाही. पिंजऱ्यात पाळलेल्या माशाला पान मिळू शकतं. सकाळी जाळ्यात आलेल्या तारलीला जन्मात नाही. आत्या यावर इतकी हसते की विकणारीही हसायला लागते.

पलीकडे अलोरेन्याची ऑलिव्हं. मालागाच्या डोंगरातली हिरवी, ठेचलेली, बडीशेपेच्या काड्या, थाइम, लसूण, मिरची घातलेली. टेबल ऑलिव्हांत स्पेनचं पहिलं भौगोलिक मानांकन यांना 2009 मध्ये मिळालं. कडूपणा पूर्ण काढलेला नसतो, आणि तोच चांगला लागतो. एका कागदी शंकूभर घेतो आणि उभ्यानं खातो.

वाटेत सुपरमार्केट. सेंद्रिय वस्तूंचं वेगळं कपाट आहे, त्यात काळ्या चहाचं खोकं सापडतं. पान आहे, क्रमांक आहे, 'शेती महासंघाबाहेरची' हेही आहे. आत्या पिशवी हुंगते. "प्रमाणपत्र शंभर नंबरी, चहा चाळणीखालचा." खरंय. तो शिक्का मळ्यातल्या खतांचा आणि फवारणीचा आहे. पत्ती कुठल्या प्रतीची, कधी खुडली, पिशवीत किती महिने पडून आहे, यावर तो काही बोलत नाही. मी पाण्याची बाटली मात्र घेते. तिच्यामागे 'रेसिदुओ सेको' असा आकडा असतो, पाणी आटवल्यावर मागे उरणाऱ्या क्षारांचा. लिटरला 50 मिलिग्रॅमपर्यंत असला की ते पाणी 'अत्यल्प क्षारांचं', आणि चहाला तेच लागतं. दूध फ्रिजबाहेरच्या रॅकवर भिंतभर रचलेलं, महिने टिकणारं. ताजं दूध एका कोपऱ्यात, शोधून काढावं लागतं.

पाच वाजलेत. पिकासो संग्रहालयाच्या गल्लीत एक तेतेरिया, चहाघर. आत अंधार, पितळी ताटं, ठेंगणी टेबलं. यादी लांबलचक. "ते पाकिस्तानी" वाचून आत्याचे डोळे बारीक होतात: काळा चहा, दूध, वेलची, दालचिनी, लवंग, व्हॅनिला.

"हा तर आपला मसाल्याचा. व्हॅनिला कुणी घातला?"

"हे कोणासाठी, ते विचार," मी म्हणते.

ती मेनू मिटते आणि गल्ल्याकडे बघते. चहावाला मुलगा मोरोक्कोतल्या नादोरचा आहे, समुद्रापलीकडचा. मालागातून रात्रीची बोट धरली की सकाळी शेजारच्या मेलियात. गल्ल्यामागे त्याची स्वतःची एक छोटी किटली आहे, कळकटलेली.

"तो पितोय तो," आत्या सांगते.

मुलगा आधी नको म्हणतो, कडू आहे, पाहुण्यांना आवडत नाही. मग करतो. चीनमधल्या गोळीसारख्या वळलेल्या हिरव्या पत्तीचा चमचा किटलीत, थोडं उकळतं पाणी. ते पहिलं पाणी, चहाचा आत्मा, बाजूला ठेवायचं. दुसरं पाणी हलवून फेकायचं, त्यात धूळ आणि तुरटपणा जातो. मग पहिलं परत आत, वर नवं पाणी, किटली थेट आचेवर. ही पत्ती मोरोक्कोत घरोघर पोचली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. क्रिमियन युद्धात नेहमीची गिऱ्हाइकं तुटलेल्या ब्रिटिश व्यापाऱ्यांनी चिनी चहा तांजिये आणि मोगादोरच्या बंदरांत उतरवला. म्हणजे इंग्रजांनी आपल्या गळ्यात घातला तसाच यांच्याही. यांनी दूध नाकारलं आणि पुदिना घातला.

आज पुदिना कमी आहे. त्याऐवजी तो करड्या-रुपेरी पानांची एक काडी टाकतो. शीबा, दवण्याच्या कुळातली. साखर बेताची. हात डोक्याच्या उंचीवर नेऊन धार सोडतो, पहिला पेला परत किटलीत ओततो, दुसऱ्यांदा खरा भरतो. वर फेस.

आत्या घोट घेते. बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, "हा उकळलाय."

तिच्या शब्दकोशात याहून मोठी पावती नाही.

"सेंद्रिय आहे का, विचार." मुलगा पत्तीचा हिरवा डबा फिरवून फिरवून दाखवतो. पान कुठेच नाही. खांदे उडवतो. मग काडीकडे बोट दाखवतो. ही आईनं गच्चीवर कुंडीत लावलीय. दर फेरीला कुणाबरोबर तरी पाठवते.

"कोणासाठी?" हे आत्या मराठीतच विचारते, हात उलटा करून.

तो छातीवर बोट ठेवतो.

आत्या पिशवीतून बेदाण्यांचा पुडा काढते, गाठ सोडते आणि पितळी ताटात त्याच्या बाजूला सरकवते. "बिया असतात म्हणावं. थुंकायला वाटी आण, आणि आणखी एक किटली टाक. याच्यापेक्षा जरा कडक."