खिम्यातील प्राणी कसा ओळखावा?

मांसाचा तुकडा हाडासह समोर असला, तर तो बोकडाचा की मेंढ्याचा हे अनुभवी खाटीक पाहताक्षणी सांगतो. त्याच मांसाचा खिमा होऊन त्यात मसाला मिसळला आणि तो डब्यात बंद झाला, म्हणजे हे ज्ञान निरुपयोगी ठरते. रंग, तंतू, चरबीचा पोत या सर्व खुणा नाहीशा होतात. गिऱ्हाइकाजवळ उरते ती वेष्टनावरील चिठ्ठी. ज्याला डुकराचे मांस निषिद्ध आहे, किंवा जो गोमांस खात नाही, त्याच्या दृष्टीने ती चिठ्ठी खरी की खोटी हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे.

१९०१ साली पाउल उलेनहूट या जर्मन वैद्याने सशाला परक्या प्राण्याच्या रक्ताचे अंश टोचून असे रक्तजल सिद्ध केले, की ते त्या विशिष्ट प्राण्याच्या रक्तात मिसळताच गढूळ साका धरी. ही रीत पुढे मांसासाठीही उपयोगात आली. तिचे उणे एवढेच, की मांस शिजले म्हणजे त्यातील प्रथिनांचे रूप पालटते आणि ओळख बिघडते.

डी.एन.ए. हा रेणू त्या मानाने चिवट. उष्णतेने त्याचेही तुकडे होतात. पण शंभर-दीडशे दुव्यांचा एखादा अखंड तुकडा हाती लागला तरी काम भागते. पेशीतील तंतुकणिकांमध्ये त्याच्या शेकडो प्रती असल्यामुळे तसा तुकडा सापडण्याचा संभव मोठा. पॉलिमरेज शृंखला-अभिक्रियेच्या प्रत्येक फेरीत त्याची संख्या दुप्पट होते, म्हणजे तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक! त्यातील घटकांचा क्रम गाय, म्हैस, डुक्कर, घोडा यांत निरनिराळा असतो. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात लालजी सिंग व सुनीलकुमार वर्मा यांनी अशाच क्रमावरून असंख्य प्राणी ओळखण्याची एक सर्वसाधारण रीत २००३ साली प्रसिद्ध केली. चोरट्या शिकारीचे मांस पकडण्यास ती उपयोगी पडली.

जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोमांसाच्या २७ बर्गरांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. दहांत घोड्याचा डी.एन.ए. सापडला, तेवीसांत डुकराचा. एका बर्गरमध्ये घोड्याचे मांस गोमांसाच्या २९ टक्के निघाले. ही तर उघड लबाडी. डुकराचा अंश मात्र बहुतेक ठिकाणी अत्यल्प होता. एकाच यंत्रातून पाळीपाळीने निरनिराळी मांसे निघाली, तर असा अंश लागून राहतो. म्हणून ब्रिटनमध्ये एक टक्क्याची मर्यादा ठरविण्यात आली. ही मर्यादा लबाडी आणि निष्काळजीपणा यांतील भेद दाखविते. श्रद्धाळू मुसलमानाचे समाधान तिने होईल असे मानणे बरोबर नाही.

जिलेटिनाचे प्रकरण याहून अवघड. कातडी व हाडे आम्लात किंवा चुन्यात मुरवून ते काढतात, तेव्हा डी.एन.ए. जवळजवळ नष्टच होतो. अशा वेळी पुन्हा प्रथिनांकडे वळावे लागते. गाय व डुक्कर यांच्या कोलॅजेनात थोड्या अमिनो आम्लांचा फरक असतो. ट्रिप्सिनाने त्याचे तुकडे करून वस्तुमान-वर्णपटमापकाने ते तोलले, की औषधाच्या कॅप्सुलाचे मूळही कळू शकते.

तथापि ‘हलाल’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘डुकराविरहित’ असा नाही. जनावर जिवंत असताना, अल्लाचे नाव घेऊन, धारदार सुरीने गळा कापून रक्त वाहू दिले जावे, अशी अट आहे. हलाल बोकड आणि झटक्याने मारलेला बोकड यांचा डी.एन.ए. एकच, उच्चारलेल्या नावाची खूण तर कोणत्याच रेणूवर उमटत नाही. तेथे कत्तलखान्यातील प्रत्यक्ष देखरेख, स्वतंत्र साठवण आणि मोहोरबंद दाखलेच कामी येतात. भारतातून हलाल म्हणून निर्यात होणाऱ्या मांसासाठी मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रमाणपत्राची अट २०२३ साली घालण्यात आली, ती याच कारणाने. प्रयोगशाळा त्या दाखल्याचे एक कलम तेवढे पडताळू शकते: आतले मांस, लिहिले आहे त्याच प्राण्याचे आहे काय?