शूटिंगच्या सीडीतील ठेवा मोबाइलवर आणा!

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत निघालेल्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण लेखक-कलावंत नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. एका माणसाच्या अशा धडपडीमुळे तो लाखोंचा शोकसागर आजच्या पिढीला डोळ्यांनी पाहता येतो.

आज शूटिंग ही साधी गोष्ट झाली आहे. सोलापुरात मिलिंदनगर असो वा एखादी नवी वसाहत, घरोघरच्या कपाटात मंगलपरिणयाची, जयंती मिरवणुकीची, धम्मपरिषदेची 'सीडी' सापडते. तीत आता हयात नसलेल्या आईचा चेहरा असतो, जुन्या कार्यकर्त्याचे भाषण असते, एखाद्या गायकाचा पहाडी आवाज असतो. परंतु सीडी लावायची कुठे? प्लेअर बंद पडले आणि नव्या लॅपटॉपला डिस्कचा कप्पाच नसतो. त्यात आपला सोलापुरी उन्हाळा! पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या घरात, माळ्यावर ठेवलेल्या डिस्कचे काय होत असेल याचा विचार करा. घरी लिहिलेल्या डिस्कचा थर उष्णतेने व उन्हाने खराब होतो आणि मग चित्र अडकू लागते.

आपली डिस्क कोणती?

आपण सर्वांनाच 'सीडी' म्हणतो, पण प्रकार वेगळे आहेत. साध्या एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावते. हाय डेफिनिशन, म्हणजे अतिस्पष्ट चित्रणासाठी २००६ मध्ये बाजारात आलेल्या ब्ल्यू-रे डिस्कच्या एका थरात २५ जीबी मावते. डीव्हीडी लाल किरणाने वाचली जाते, तर ब्ल्यू-रे निळसर-जांभळ्या किरणाने. म्हणून ब्ल्यू-रे साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही. ती खराब झाली असे समजून फेकून देऊ नका. तिच्यासाठी संगणकाला बाहेरून जोडायचा ब्ल्यू-रे ड्राइव्ह लागतो.

हिशेब समजून घ्या

फाइल केवढी होणार हे दर सेकंदाला किती माहिती खर्च होते यावर ठरते. दोन तासांचे म्हणजे ७,२०० सेकंदांचे चित्रण सेकंदाला २४ मेगाबिट दराने असेल, तर ७,२०० गुणिले २४ भागिले ८, म्हणजे सुमारे २१.६ जीबी! एवढी फाइल मोबाइलवर कशी मावणार? तेच चित्रण ४ मेगाबिटवर आणले तर ३.६ जीबी होते आणि २ मेगाबिटवर १.८ जीबी. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हा फरक फारसा जाणवत नाही, मात्र मोठ्या टीव्हीवर जाणवतो.

काम कसे करावे?

प्रथम डिस्क मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल फिरवून पुसू नये. मग डिस्कवरचे सर्व फोल्डर जसेच्या तसे हार्डडिस्कवर उतरवावेत. हीच आपली मूळ प्रत, ती कधीही पुसू नये.

नंतर 'हँडब्रेक' हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. त्यात तो फोल्डर उघडला की आतील चित्रफितींची यादी येते, त्यातील सर्वांत लांबीची निवडावी. फाइलचा प्रकार 'एमपी४' आणि पद्धत 'एच.२६४' ठेवावी, म्हणजे जुन्या मोबाइलवरही ती चालते. 'एच.२६५'ने फाइल जवळपास निम्मी होते, पण काही जुन्या मोबाइलवर ती उघडत नाही. मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्यांच्या हातांभोवती आडव्या रेषा दिसत असतील, तर 'डीइंटरलेस' सुरू करावे. मोबाइलसाठी ७२० आणि टीव्हीसाठी १०८० हे माप पुरेसे आहे.

जुन्या संगणकावर या कामास काही तास लागतात. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून लांब फीत रात्री लावावी किंवा पॉवर बॅकअप असलेल्या ठिकाणी काम करावे.

तयार फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. तशी २ जीबीपर्यंतची फाइल जाते. 'व्हिडिओ' म्हणून पाठवल्यास ती आणखी दाबली जाते व चित्र धूसर होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

बाजारात विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या डिस्कला कुलूप असते. हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणे कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट आपल्याला कितीही प्रिय असला, तरी त्याच्या प्रती काढून वाटू नयेत. आपण आपल्या घरचे आणि विहाराचे चित्रण सांभाळावे. दुसरे असे की, घरगुती समारंभाचे चित्रण सर्वत्र पाठवण्यापूर्वी त्यातील माणसांना, विशेषतः भगिनींना, विचारावे.

विहाराने पुढाकार घ्यावा

प्रत्येक घरी ड्राइव्ह घेणे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. विहारात एक ड्राइव्ह, एक संगणक आणि आठवड्यातून एक रविवार एवढे पुरे. संगणक शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून चित्रातील माणसे कोण, वर्ष कोणते, जागा कोणती हे विचारून वहीत लिहावे आणि फाइललाही तेच नाव द्यावे. नाव नसलेली फीत वीस वर्षांनी कुणालाच ओळखता येणार नाही. तयार झालेल्या प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात, कारण हार्डडिस्कसुद्धा बिघडते.

आपला इतिहास इतरांनी लिहिला नाही, म्हणून आपण तो लिहायला शिकलो. आता तो चित्रांत आणि आवाजांत आपल्याच कपाटात पडून आहे. येत्या जयंतीपूर्वी ते कपाट उघडा. माहीतगार माणसे आज आपल्यात आहेत, तोवर हे काम उरकले पाहिजे. जयभीम!