फाइल उघडते, पण सेव्ह का होत नाही?

ऑफिसच्या नेटवर्कवरचा 'हिशेब' फोल्डर उघडतो, आतली एक्सेलची फाइल वाचताही येते. पण बदल करून सेव्ह करायला गेलं की परवानगी नसल्याचा संदेश येतो. विंडोज सर्व्हरवर ही तक्रार नेहमीचीच. बहुतेकदा परवानगी एकाच ठिकाणी दिलेली असते, तपासली मात्र दोन ठिकाणी जाते.

पहिलं ठिकाण शेअरचं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'खाली तीनच पर्याय मिळतात: रीड, चेंज आणि फुल कंट्रोल. नव्या शेअरवर 'एव्हरीवन'ला आपोआप फक्त रीड असतं. दुसरं ठिकाण 'सिक्युरिटी' टॅब, म्हणजे १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस ही फाइल सिस्टिम. इथे एकेका फाइलवरही वेगळी परवानगी देता येते. तशी दिली नाही, तर वरच्या फोल्डरची परवानगी खाली उतरते.

आता हिशेब मांडू. एक कर्मचारी 'लेखा' आणि 'कार्यालय' अशा दोन गटांत आहे. एनटीएफएसमध्ये लेखाला मॉडिफाय, कार्यालयाला रीड. एका ठिकाणच्या परवानग्यांची बेरीज होते, म्हणून त्याला मॉडिफाय मिळालं. पण शेअरवर रीडच आहे. दोन ठिकाणांपैकी जी परवानगी कमी, तीच नेटवर्कवरून लागू होते. म्हणून फाइल वाचता येते, बदलता येत नाही. हाच माणूस थेट सर्व्हरवर बसला तर शेअरची अट लागत नाही आणि फाइल बिनदिक्कत सेव्ह होते. म्हणूनच सर्व्हरवर बसून केलेली तपासणी फसवी ठरते.

'डिनाय' जपून वापरा. एकाच पातळीवर 'अलाव' आणि 'डिनाय' दोन्ही असले तर डिनाय जिंकतं, आणि कोणत्या गटामुळे अडलं हे शोधताना दमछाक होते. परवानगी नको असेल तर ती न देणंच पुरेसं.

सोपी रीत अशी: शेअरवर 'ऑथेंटिकेटेड युजर्स'ला चेंज द्या आणि खरं नियंत्रण एनटीएफएसमध्ये, गटांच्या नावाने ठेवा. माणसाचं काम बदललं की फक्त गट बदलायचा. त्यानंतर त्याने लॉग ऑफ करून पुन्हा लॉग इन करायला हवं, कारण गटांची यादी लॉग इनच्या वेळी ठरते. पगारपत्रकासारखी फाइल असेल तर शेवटची खात्री त्या माणसाच्या संगणकावरून, त्याच्याच लॉग इनने करून घ्या.