मराठी कवितेतले म्हातारपण (लेखांक ६) : थकणारे आईबाप

मराठी कवितेत म्हातारपण आधी आले ते इशारा म्हणून. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जरा-व्याधींतले दोष ओळखण्याचा उल्लेख ओझरता येतो. ज्ञानेश्वरांनी त्यावर ओव्यांमागून ओव्या रचल्या. आज कमळाच्या पाकळ्यांशी चढाओढ करणारे डोळे उद्या पिकलेल्या पडवळासारखे दिसतील, अशा बारकाव्याने ते देहाची पडझड आधीच दाखवतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. परंपरेने मानलेले जन्मसाल धरले, तर हे लिहिणारा कवी जेमतेम पंधरा वर्षांचा होता! रामदासांनी ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात हेच म्हातारपण घरात आणले, तिथला म्हातारा पोटच्या पोरांनाही नकोसा झालेला आहे. दोन्हीकडे रोख वैराग्यावर. उशाशी बसून कुणाचे तरी थकणे पाहणारा माणूस मात्र तिथे नाही.

तो पुढेही लवकर आला नाही. माधव जूलियन आणि यशवंत यांच्या आईवरच्या कविता पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाल्या, पण दोन्ही पोरक्या लेकराच्या आहेत. त्यांतली आई म्हातारी होतच नाही. ती आधीच गेलेली असते. त्या काळी बाळंतपणात आणि साथींत तरुण बायका जात. १९५१ च्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते (त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा). आता ते सत्तरीच्या घरात आहे. आईबाप डोळ्यांदेखत हळूहळू थकत जाणे हा अनुभव सार्वत्रिक झाला तो या वाढलेल्या आयुष्यामुळे. कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’ने १९७० मध्ये हे दुःख रंगभूमीवर आणले, पण तिथेही बोलतो तो म्हातारा स्वतः.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाही त्याच वर्षीची. वाशी-नेरूळच्या लिफ्ट नसलेल्या इमारतींत पुढे तरणीताठी आलेली जोडपी आज सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावरून वडिलांना खुर्चीत बसवून खाली आणणारा मुलगा स्वतः साठीला टेकला आहे. या पिढीच्या कविता ज्येष्ठ नागरिक संघांत, दिवाळी अंकांत भेटतात. बऱ्याच फसतात त्या आईबापांना विठ्ठल-रखुमाई केल्यामुळे. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला खोकला येत नाही, तो चिडचिड करत नाही, आणि त्याच्यावर वैतागलेल्या मुलीलाही मग कवितेत जागा उरत नाही. जमलेली कविता बाथरूमची आतली कडी काढून टाकल्याची गोष्ट सांगते, किंवा सकाळ-दुपार-रात्र अशा कप्प्यांच्या डबीत न घेता राहिलेल्या गोळीची.

स्मृतिभ्रंशावर लिहिणाऱ्यांना तर ध्रुपद आयतेच हाताशी आहे. आई दर दहा मिनिटांनी विचारते, बाबा कामावरून आले का? प्रश्न ध्रुपदासारखा जसाच्या तसा परततो. बदलतात ती मधली कडवी. पहिल्यांदा मुलगी खरे सांगते, मग थोपवते, मग ओरडते. शेवटच्या कडव्यात ती म्हणते, येतीलच इतक्यात, आणि चहाचे आधण ठेवायला उठते.