सोंवळें उंबरठ्याबाहेर

शुचितेविषयीं आपल्या पूर्वजांनीं जेवढा सूक्ष्म विचार केला तेवढा क्वचितच कोठें झाला असेल. पतंजलींनीं योगसूत्रांत नियमांची गणना करितांना पहिलें स्थान शौचास दिलें. मनुस्मृतीनें पाण्यांत मलमूत्र, थुंकी अथवा दुसरी कोणतीहि अमंगळ वस्तु टाकण्यास स्पष्ट मनाई केली. आणि ज्यास आपण केवळ राजकारणाचा ग्रंथ समजतों त्या कौटिलीय अर्थशास्त्रांत, 'नागरिक' नांवाच्या नगराधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगणाऱ्या प्रकरणांत, दंडाचें चक्क कोष्टकच आहे. गल्लींत धूळकचरा टाकल्यास पणाचा आठवा भाग दंड, चिखलपाण्यानें वाट अडविल्यास पाव पण, आणि हेंच राजमार्गावर केल्यास दुप्पट. मांजर, कुत्रें, मुंगूस किंवा साप यांचें प्रेत नगरांत टाकणारास तीन पण. त्या प्राचीन ग्रंथकारास नगरवासीयांचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता असें म्हणावें लागतें. शेजाऱ्याच्या दारापुढें केर लोटण्याची विद्या त्याहि काळीं सर्वांस अवगत असली पाहिजे.

परंतु हें सर्व शास्त्र आपल्या हातीं येतां येतां उंबरठ्याशीं थबकलें. देवघर लख्ख, ओटा पुसलेला, पिण्याच्या पाण्याचें भांडें निराळें. आणि त्याच घरांतील कालचा भात, केळ्याची साल, फुटका पेला, औषधाची सुई व वाचून झालेलें वर्तमानपत्र हीं एकाच पिशवींत कोंबून ती दाराबाहेर ठेविली कीं गृहस्थधर्म संपला. पिशवी दाराबाहेर गेली म्हणजे जगांतूनच गेली अशी आपली समजूत दिसते. ती पुढें कोठें जाते, कोणाच्या हातांतून जाते, याची चौकशी करणें जणूं सोंवळ्यांत बसत नाहीं.

जुन्या वाड्यांतील माणसें आपल्याहून शहाणीं होतीं असें माझें म्हणणें नाहीं. त्यांच्याजवळ कचराच थोडा होता. जेवण पत्रावळीवर, खरकटें गोठ्यांत, चुलीची राख भांडीं घासण्यास, नारळाची शेंडी त्याच कामास, करवंटी चुलींत, फाटक्या लुगड्यांची गोधडी. वाण्याच्या घरून आलेला पुड्याचा दोरासुद्धां गुंडाळून खुंटीवर राही. परसांतला उकिरडा वर्षाकाठीं शेतांत जाई. वाड्याचा मैला मात्र दुसराच कोणी डोक्यावरून वाहून नेई, आणि त्यास यावें लागे तें मागील बोळांतून, समोरच्या दारानें नव्हे. त्या काळाचीं गोडवीं गाणारांनीं एवढें विसरूं नये.

पुढें वाडे पडले, परसें गेलीं, गाई गेल्या, आणि त्यांच्या जागीं प्लॅस्टिकची पिशवी आली. पुण्याचा केर गाड्या भरभरून सासवड रस्त्यावरील उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या हद्दींत जाऊन पडूं लागला. तेथें त्याचे डोंगर झाले. त्यांतून पाझरणाऱ्या काळ्या रसानें त्या गांवांच्या विहिरी नासल्या, आणि ज्यांच्या शिवारांत पाणी होतें त्यांना शहरानें टँकरनें पाणी पुरवावें अशी वेळ आली. २०१७ च्या एप्रिलांत त्या डोंगरास आग लागली. ग्रामस्थांनीं केराच्या गाड्या अडविल्या, आणि कित्येक दिवस पुण्यांतील कुंड्या ओसंडून वाहूं लागल्या. त्या वेळीं शहरांत ग्रामस्थांच्या अडमुठेपणाबद्दल पुष्कळ बोललें गेलें. आपल्या आळींतील केर दुसऱ्याच्या विहिरींत मुरत असतां तो दुसरा किती वर्षें सौजन्य दाखवील, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाहीं.

अशी आग लागते कशी, हें समजून घेण्याजोगें आहे. आपल्या शहरांच्या कचऱ्यांत सुमारें अर्धा भाग, बहुधा त्याहूनहि अधिक, स्वयंपाकघरांतून आलेला ओला पदार्थ असतो. तो मोकळ्या हवेंत, पाल्यापाचोळ्याबरोबर कुजला तर त्याचें खत होतें. तोच पिशवींत बांधून, डोंगराच्या पोटांत, वारा न लागतां कुजला तर त्यापासून मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु निघतो. त्यावर प्लॅस्टिक व कागद यांचें सरपण आपणच रचून ठेविलेलें असतें. म्हणजे उरुळीच्या धुराचा आरंभ आपल्या ओट्याखालच्या डब्यांत झालेला असतो.

आतां त्या हातांविषयीं, ज्यांतून ही पिशवी जाते. पुण्यांत कागद, कांच, पत्रा वेंचून पोट भरणाऱ्या हजारों व्यक्ति आहेत; त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांतहि बहुतेक दलित समाजांतील. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या एस. एन. डी. टी. च्या, प्रौढशिक्षण विभागांतील अध्यापिका १९९० च्या सुमारास या स्त्रियांपर्यंत पोंचल्या. अक्षरें शिकवावयास गेलेल्या या अध्यापिकांस तेथें अक्षरांपूर्वींचा प्रश्न दिसला: ही बाई दिवसभर कुंडींत वाकून जें वेंचते तें घाणींतून कां वेंचावें लागावें? आपण तेंच कोरडें व निराळें करून तिच्या हातीं कां देऊं नये? यांतून १९९३ सालीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिच्या पाठीशीं बाबा आढाव उभे राहिले. पुढें २००८ सालीं 'स्वच्छ' ही या कष्टकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था पुणें महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करूं लागली. कुंडीशीं वाकणारी बाई दारावर येऊन घंटी वाजवूं लागली. कर्व्यांच्या संस्थेच्या कार्याचा हा विस्तार मला त्यांच्या मूळ कार्यास अगदीं साजेसा वाटतो.

एका सोसायटीच्या सभेंत एका सुशिक्षित गृहस्थांनीं प्रश्न केला, "आम्ही दरमहा पैसे भरतों. निवडण्याचें काम तिचें. आम्हीं कां हात घालावे?" प्रश्न वरवर पाहतां न्यायाचा दिसतो. परंतु कोरड्या मालाची विक्री हाहि त्या बाईच्या प्राप्तीचा भाग असतो, आणि वरणांत भिजलेल्या वर्तमानपत्रास रद्दीवाला एक पैसाहि देत नाहीं. आपण एका हातानें तिला पैसे देतों आणि दुसऱ्या हातानें तिचा माल नासवितों. शिवाय फुटका पेला कोणत्या पिशवींत आहे हें आपल्याला ठाऊक असतें. तिला तें बोट कापल्यावर कळतें.

"हें काम आपल्यासारख्यांचें नव्हे" असें ज्यांस मनांतून वाटत असेल त्यांच्यासाठीं एक नांव सांगतों: सीताराम पुरुषोत्तम, ऊर्फ अप्पा पटवर्धन. जन्मानें ब्राह्मण, शिक्षणानें एम्. ए. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत सत्याग्रही कैदी असतांना त्यांनीं मागणी काय केली, तर भंगीकाम आपणांस करूं द्यावें. तुरुंगाच्या नियमांत तें विशिष्ट जातींसाठीं राखून ठेविलेलें होतें! परवानगी मिळेना म्हणून त्यांनीं अन्न सोडलें, आणि येरवड्यास असलेल्या महात्माजींनींहि त्यांच्यासाठीं त्या डिसेंबरांत उपोषण आरंभिलें. पुढें कणकवलीस अप्पांनीं गोपुरी आश्रम काढून मैल्यापासून खत करण्याचे व स्वच्छ संडासांचे प्रयोग केले. त्यांच्यापुढें आपल्याला करावयाचें आहे तें किती क्षुल्लक!

तें असें. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनीं प्रत्येक घरास कचऱ्याचे तीन भाग करावयास सांगितलें: ओला, सुका आणि घरगुती घातक, म्हणजे जुन्या औषधी, रंगाचे डबे, घटक संपलेल्या विजेऱ्या, सुया इत्यादि. उष्टें व निर्लेप, खरकटें व पारोसें, सोंवळें व ओंवळें असे डझनभर भेद जी गृहिणी झोपेंतहि चुकत नाहीं तिला हे तीन भेद अवघड आहेत असें मला कोणी सांगूं नये. अडचण बुद्धीची नाहीं. घरांतील पुरुषमंडळींस मात्र आरंभीं कांहीं दिवस शिकवावें लागेल. चहाची पत्ती कोणत्या डब्यांत, हें विचारण्यासाठीं तीं स्वयंपाकघरांत येतील, हाहि लाभच समजावा.

ओल्याचें खत घरींच होतें. भोंकें पाडलेली बादली किंवा मोठें मडकें घ्यावें, तळाशीं नारळाच्या शेंडीचा व वाळल्या पानांचा थर द्यावा, त्यावर देंठ, सालें, चहाचा चोथा बारीक करून टाकावा आणि प्रत्येक वेळीं वर मूठभर वाळलीं पानें. आंबट ताकाचा शिपका दिला तर काम लवकर सुरू होतें. आठवड्यांतून एकदोनदां ढवळावें. मिश्रण पिळून काढलेल्या फडक्याइतकें ओलसर असावें. दुर्गंधि आली तर पाणी जास्त झालें असें समजून पानें वाढवावीं. तेलकट व शिळें शिजलेलें अन्न थोडेंच घालावें. दोनतीन महिन्यांत काळीभोर, पावसाच्या मातीसारख्या वासाची माती हातीं येते. देवावरचें निर्माल्य पिशवीसकट मुठेंत टाकण्यापेक्षां याच मडक्यांत घालून त्या मातींत तुळस लावणें अधिक शास्त्रशुद्ध होईल, असें मला एक संस्कृतचा विद्यार्थी म्हणून वाटतें.

राहिली एक गोष्ट, जी बोलण्यास मंडळी संकोचतात. मुलांचे लंगोट आणि स्त्रियांच्या पाळीच्या घड्या उघड्या टाकल्या जातात, आणि त्या उघड्या हातांनीं वेगळ्या कराव्या लागतात. २०१६ च्या नियमांनीं या वस्तु बनविणारांवर वेष्टन पुरविण्याची जबाबदारी टाकली. तें हाताशीं नसल्यास जुनें वर्तमानपत्र पुरे. पुण्याच्या कचरावेंचक भगिनींनीं यासाठीं एक साधी खूण सुचविली: कागदांत नीट गुंडाळावें आणि वर ठळक लाल ठिपका काढावा, म्हणजे पुडी न उघडतां आंत काय आहे हें कळतें. फुटलेली कांचहि जाड कागदांत गुंडाळून, वर तसें लिहून, बाईच्या हातीं वेगळी द्यावी. लाल पेन्सिल आमच्या घरीं आतां केराच्या डब्याशेजारींच दोऱ्यानें बांधून ठेविली आहे.