सावली कुठे हवी, हे कोण सांगणार?

आमच्या पॉडकास्टच्या मागच्या भागात शहरांवर गप्पा झाल्या, आणि शेवटची दहा मिनिटं नेहमीसारखी "मग उपाय काय?" यात गेली. तेव्हा एक मुद्दा घाईत राहून गेला. तो इथे सावकाश लिहितेय, कारण तुम्ही बाहेरगावी, बाहेरदेशी राहणारे आहात आणि तो तुमच्याबद्दलचाही आहे.

कोणतंही शहर अडचणीत आलं की आपण म्हणतो, लोकांना विचारा. तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक असतं काय बिघडलंय ते. बरोबरच आहे. पण "तिथे राहणारे" म्हणजे कोण? आणि विचारायचं म्हणजे नेमकं काय विचारायचं? मी राहते त्या दोहा शहरात हे दोन्ही प्रश्न फार उघडे पडतात, म्हणून उदाहरण इथलंच घेते.

दोहा अडचणीत आहे असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पैसा आहे, मेट्रो आहे, वर्ल्ड कप होऊन गेलाय. पण आकडे बघा. 1986 च्या जनगणनेत कतारची लोकसंख्या 3 लाख 69 हजार होती. 2004 मध्ये 7 लाख 44 हजार, 2010 मध्ये जवळपास 17 लाख आणि 2020 मध्ये 28 लाख 46 हजार. यातले बहुतेक सगळे दोहा आणि आसपास राहतात. चौतीस वर्षांत चोवीस-पंचवीस लाखांची भर पडली, तीही उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या वाळवंटात. अशा शहराची ओढाताण होणारच, फक्त ती सगळ्यांना सारखी दिसत नाही. कॉर्निशवर संध्याकाळी फिरणाऱ्याला ती दिसत नाही. मन्सूरा किंवा नज्मामध्ये पार्टिशन केलेल्या खोलीत बेड-स्पेस घेऊन राहणाऱ्याला दिसते. 2023 च्या मार्चमध्ये मन्सूरा भागातली चार मजली इमारत कोसळली आणि माणसं गेली, त्यात भारतीयही होते. तेव्हा काही दिवस ती सगळ्यांनाच दिसली.

आता "राहणारे" कोण ते बघू. कतारमध्ये नागरिकत्व असलेले लोक ढोबळमानाने दहा-बारा टक्के. बाकी आपण सगळे, म्हणजे इंजिनियर, नर्स, ड्रायव्हर, वेल्डर, घरकामाला आलेल्या बायका आणि माझ्यासारखे पोस्टडॉक. एकट्या भारतातूनच आठेक लाख माणसं आहेत. इथे एक मध्यवर्ती नगर परिषद आहे, 29 सदस्यांची. तिची पहिली निवडणूक मार्च 1999 मध्ये झाली आणि त्यात बायकांनाही मत देता आलं, उभं राहता आलं. आखाती देशांत ही तेव्हा मोठी गोष्ट होती. परिषदेचं काम सल्ल्याचं आणि देखरेखीचं. रस्ते, बागा, कचरा, गटारं, बाजार असे विषय तिथे निघतात. मत मात्र फक्त नागरिकांना. म्हणजे ज्या वॉर्डात बहुतेक वस्ती बाहेरच्यांची आहे, तिथल्या फुटपाथबद्दल बोलणारा सदस्य थोड्याशा नागरिकांनी निवडून दिलेला असतो. तो वाईट काम करतो असं मी अजिबात म्हणत नाहीये. त्याच्या दारात कोण येऊन बसतं, एवढंच म्हणतेय.

मग मताची पेटी नाही तर सर्वेक्षण तरी? ते होतं, आणि चांगलं होतं. कतार विद्यापीठाची 'सेसरी' ही संस्था 2008 पासून इथे जनमताची सर्वेक्षणं करते. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. घरं निवडायला यादी लागते. ती त्यांनी वीज-पाणी पुरवणाऱ्या 'कहरामा' कंपनीच्या मदतीने तयार केली. मीटर आहे, म्हणजे घर आहे. पण हजारो कामगार राहतात ते कॅम्पमध्ये, जिथे एका मीटरमागे शेकडो माणसं असू शकतात. म्हणून कतारी नागरिक, ऑफिसात काम करणारे परदेशी आणि कामगार असे तीन गट धरून नमुना वेगवेगळा काढावा लागतो. हे केलं नाही आणि नुसते दरवाजे ठोठावत गेलं, तर शहरातले सर्वात जास्त हात राबवणारे लोक आकडेवारीतून गायबच होतील, कुणाचा वाईट हेतू नसताना.

आणि ते शहराच्या नकाशावरूनही बाजूला आहेत. 2010 च्या 15 क्रमांकाच्या कायद्याने कुटुंबांच्या वस्तीत कामगारांची निवासस्थानं ठेवायला बंदी घातली. एकट्या राहणाऱ्या पुरुषाला इथे 'बॅचलर' म्हणतात. गावी बायको आणि तीन पोरं असली तरी तो बॅचलरच. हे बॅचलर बहुतांशी इंडस्ट्रियल एरियात आणि त्याच्या पलीकडे राहतात. हिंदी-मल्याळी बोलण्यात त्याला 'सनाइया' म्हणतात. मेट्रोच्या तीन लाइनी 2019 मध्ये सुरू झाल्या. दोन रियालमध्ये कुठूनही कुठेही, अगदी थंडगार. पण तिन्ही लाइनी सनाइयात शिरत नाहीत. तिथून निघायला बस.

तिथून परतणाऱ्या बसच्या थांब्यावर मला एक काका भेटले. महाडकडचे, वेल्डर, चौदा वर्षं कतारमध्ये. मराठी ऐकून खूष झाले. मी माझ्या सवयीने विचारलं की दोहामध्ये काय सुधारायला हवं असं वाटतं. ते म्हणाले, इथे सगळं चांगलंच आहे. आणि मग वीस मिनिटं त्यांच्या गावाबद्दल बोलले. साकव वाहून गेला, दवाखान्यात डॉक्टर थांबत नाही, पोरं मुंबईला जातात. गावाबद्दल त्यांच्याकडे अख्खा आराखडा होता. दोहाबद्दल एक ओळ.

मी सर्वेक्षणवाली असते तर त्यांच्यापुढे 'समाधानी' अशी खूण करून पुढे गेले असते. पण बस आली नव्हती, म्हणून प्रश्न बदलला. आज सकाळपासून कुठे त्रास झाला? तेव्हा मात्र यादी निघाली. हा थांबा म्हणजे नुसता खांब, सावली नाही. शुक्रवारी बस भरून येते, थांबत नाही. उतरल्यावर रस्ता ओलांडायला जागा नाही, तीन पदरी रस्ता पळत पार करायचा. पाणी घ्यायचं तर दुकान पलीकडे. एका नगररचनाकाराला पुरेल एवढं काम त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, आणि तरीही त्यांच्या मते ते "शहर सुधारण्याबद्दल" बोलत नव्हतेच. ते आपली अडचण सांगत होते. शहर सुधारणं हे शहर ज्यांचं आहे त्यांनी बोलायचं.

इथे मला अल्बर्ट हर्शमन आठवतो. अर्थशास्त्रज्ञ, 1970 मध्ये त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात नायजेरियाच्या रेल्वेच्या कोड्यातून झाली. रेल्वे रडतखडत चालायची, आणि स्पर्धेला ट्रक आले तरी सुधारत नव्हती. खरं तर स्पर्धेने सुधारायला हवी होती. हर्शमनचं उत्तर असं: रेल्वेवर सर्वात जास्त ओरडले असते ते गिऱ्हाईक ट्रककडे निघून गेले. मागे राहिले ते ओरडू न शकणारे. बिघडलेल्या गोष्टीपुढे माणसाकडे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. आणि निघून जाणं सोपं झालं की आवाज मरतो.

दोहाचा बस थांबा ही हुबेहूब तीच गोष्ट आहे. इथे आल्यावर पहिले दोन महिने मी बसच्या थांब्यांवर भयंकर चिडलेली असायचे. ईमेल लिहायचे मनातल्या मनात. तिसऱ्या महिन्यात लायसन्स बदलून मिळालं, सेकंडहँड कोरोला घेतली आणि राग संपला. थांबा होता तसाच आहे. ज्याला इंग्रजीत तक्रार लिहिता येते, ज्याच्या ओळखीचं कुणी महापालिकेत असतं, तो प्रत्येक जण साधारण तिसऱ्या महिन्यात थांब्यावरून उठून गाडीत बसतो.

काकांचं काय? त्यांच्यासाठी कितीतरी वर्षं निघून जाण्याची वाटही बंद होती. नोकरी बदलायला मालकाची एनओसी लागायची, देश सोडायला एक्झिट परमिट. परमिट बहुतेक कामगारांसाठी 2018 मध्ये आणि घरकामगारांसकट उरलेल्या बहुतेकांसाठी 2020 च्या जानेवारीत गेलं, एनओसी 2020 च्या ऑगस्टमधल्या कायद्याने. हे बदल कमी नाहीत, कागदावर आले तरी. पण बारा-चौदा वर्षं जो माणूस ना जाऊ शकत होता ना बोलू शकत होता, तो तिसरंच काहीतरी शिकतो. दिवस मोजतो. आणि दिवस मोजणारा माणूस सावलीची मागणी करत नाही, कारण सावली होईपर्यंत तो इथे नसेल असं त्याने पहिल्या वर्षापासून धरलेलं असतं. ते पहिलं वर्ष चौदा वर्षं चालतं, हा भाग वेगळा.

एक गंमत सांगते. 2019 पासून इथल्या कंपन्यांमध्ये कामगारांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या समित्या बनू लागल्या, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने. कामगार संघटना काढायची परवानगी नाही, पण या समितीत जेवण, राहणं, ने-आण यावर बोलता येतं. म्हणजे परदेशी वेल्डरला कंपनीत मत आहे, शहरात नाही. आणि बघा, कंपनीची बस सुधारली जाऊ शकते. सरकारी बसचा थांबा त्या टेबलावर येतच नाही.

शहर कुणाचं ऐकतं ते कळायला थंडाव्याचा नकाशा काढावा. 2019 च्या ऑगस्टमध्ये सूक वाकिफजवळचा अब्दुल्ला बिन जासिम रस्ता फिकट निळ्या रंगाने रंगवला, डांबराचं तापमान 15 ते 20 अंशांनी कमी व्हावं म्हणून. कतारा भागात उघड्या रस्त्यावर जमिनीतल्या जाळ्यांतून थंड हवा येते. उम्म अल सनीम बागेत एक किलोमीटरहून लांब वातानुकूलित धावण्याचा ट्रॅक आहे. मुशैरब, जिथे पूर्वी दक्षिण आशियाई दुकानं आणि दाटीवाटीने राहणारे कामगार होते, तिथे ते सगळं पाडून नवं डाउनटाउन उभं केलं. त्यात गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्या, इमारतींची एकमेकींवर सावली पडावी म्हणून. जुन्या अरबी वस्तीतलं शहाणपण आहे ते, आणि मला ती जागा मनापासून आवडते. म्हणजे सावली कशी करायची हे या शहराला जगातल्या बहुतेक शहरांपेक्षा चांगलं माहीत आहे. वर्ल्ड कपच्या निमित्ताने इलेक्ट्रिक बस आल्या, मोठी बस स्थानकंही झाली. पण स्थानकापासून खोलीपर्यंतचं जे अंतर माणूस पायी काटतो, त्याच्या वतीने बोलणारं कुणी नाही.

"कतार आहे, तिथे असंच असणार" असं म्हणून सोडू नका. पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात. फॉर्म भरा, आपल्या प्रभागात पदपथ, दिवे, बस थांबा सुचवा. चांगली योजना आहे. पण पुण्यात मतदार असलेल्या, मराठी वाचणाऱ्या माझ्या नात्यातल्या किती जणांनी तो फॉर्म भरलाय? एकानेही नाही. आणि आमच्या सोसायटीच्या बांधकामावर आलेल्या, पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं राहिलेल्या मजुरांना तो फॉर्म भरावा असं कुणाला सुचलंही नाही, मलाही नाही. ते तिथेच तर राहत होते.

आणि आता तुम्ही. फॅमिली ग्रुपवर पुण्याच्या ट्रॅफिकवर, ठाण्याच्या खड्ड्यांवर तुमचं मत पक्कं असतं. तुम्ही ज्या शहरात सध्या भाडं भरता, त्याबद्दल? मला वाटतं तुम्हीही काकांसारखेच आहात, "इथे सगळं चांगलंच आहे" म्हणणारे. व्हिसा संपेल, नोकरी बदलेल, कशाला. पण तुमच्यातल्या काही जणांना मत आहे आणि पत्ता नाही. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, तिथे राहत असणं पुरतं. स्वीडनमध्ये तीन वर्षं, नेदरलँड्समध्ये पाच वर्षं सलग कायदेशीर वास्तव्य झालं की नगरपालिकेसाठी मत मिळतं. ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून संसदेसाठीसुद्धा मत देऊ शकतो. विद्यार्थीही. लेस्टरमध्ये एमएस करणाऱ्या माझ्या मावसभावाला हे दीड वर्षाने कळलं, तेही घरमालकाने नोंदणीचा फॉर्म हातात ठेवला म्हणून.

काकांची बस शेवटी आली. जाताना त्यांनी विचारलं, हे कुठे सांगतात? मी म्हटलं, मी सांगते. दोन दिवसांनी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला, गाडीतून, एसी चालू ठेवून. पलीकडच्या माणसाने नम्रपणे विचारलं, थांब्याचा क्रमांक काय? तो खांबावर लिहिलेला असतो. मी वीस मिनिटं त्या खांबाशेजारी उभी होते, आणि बघितलाच नव्हता.

येत्या शुक्रवारी परत जाणार आहे. क्रमांक लिहून आणायला.